संगणक कक्ष सर्वांना वापरता यावा यासाठी: दारापासून लॉगिनपर्यंत

महाविद्यालयाचा किंवा विद्यापीठाचा संगणक कक्ष दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सुगम करायचा असेल, तर सुरुवात दाराबाहेरच्या चपलांपासून करावी. धूळ आत जाऊ नये म्हणून आपल्याकडे अनेक ठिकाणी पादत्राणे बाहेर काढण्याचा नियम असतो आणि प्रात्यक्षिक सुरू झाले की उंबऱ्याशी चपलांचा खच पडतो. पांढरी काठी घेऊन येणाऱ्या अंध विद्यार्थ्याची काठी त्यात अडते, व्हीलचेअरची पुढची लहान चाके अडकतात आणि कॅलिपर वापरणाऱ्या विद्यार्थिनीचा बूट बहुधा कॅलिपरलाच जोडलेला असल्यामुळे तो काढणे म्हणजे पायाचा आधारच काढून ठेवणे होय. चपलांची मांडणी दारापासून दूर, भिंतीलगत ठेवावी आणि कॅलिपर, कृत्रिम पाय किंवा कुबड्या वापरणाऱ्यांना हा नियम लागू नाही, असे त्याच सूचनाफलकावर लिहावे; म्हणजे त्यांना दर वेळी शिपायाला कारण सांगत उभे राहावे लागणार नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. ‘आमच्याकडे असे विद्यार्थीच येत नाहीत’ हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. ज्या कक्षात शिरताच येत नाही, तिथे कोणी येत नाही याचे नवल वाटायला नको.

दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असावी आणि उतार १:१२ या प्रमाणात असावा. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. सिमेंटचा एक फुटाचा ढिगारा ओतून तो होत नाही. आत व्हीलचेअर वळवण्यासाठी १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा ठेवावी. कक्ष वरच्या मजल्यावर असून लिफ्ट नसेल, तर त्या तुकडीचे संपूर्ण प्रात्यक्षिक तळमजल्यावर घ्यावे. एकट्या विद्यार्थ्याला ग्रंथालयाच्या कोपऱ्यात संगणक देऊन बसवू नये, कारण प्रात्यक्षिकात निम्मे शिक्षण शेजारच्याकडे डोकावून होत असते.

टेबलांच्या बाबतीत अडचण बहुधा एकच असते. कळफलकासाठी लावलेला सरकता ट्रे व्हीलचेअरवर बसलेल्याच्या गुडघ्यांना लागतो आणि खाली ठेवलेला सीपीयू पायांची जागा खातो. दोन-तीन टेबलांचे ट्रे काढून कळफलक वर घ्यावा, सीपीयू बाजूला हलवावा, टेबलाखाली सुमारे ७० सेंटिमीटर उंची मोकळी राहते का हे टेपने मोजून पाहावे आणि वायरी भिंतीलगत पट्टीत बांधाव्यात. ही टेबले वेगवेगळ्या रांगांत असावीत.

यापुढचे काम सॉफ्टवेअरचे आहे आणि बहुतेक कक्ष तिथेच कमी पडतात. एका महाविद्यालयात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. अंध विद्यार्थी वेळेवर आला, संगणक सुरू केला, हेडफोन लावला आणि थांबला. संगणकावर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, होता, पण तो लॉगिन झाल्यानंतरच बोलत असे. पासवर्डची चौकट आली की नाही, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. लॅब असिस्टंट येईपर्यंत वीस मिनिटे गेली आणि तोवर शिक्षकांचे समजावून झाले होते. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये लॉगिनच्या पडद्यावरच बोलणे सुरू करण्याचा पर्याय सामान्य सेटिंगमध्ये असतो. प्रशासकाच्या खात्यातून तो एकदा निवडला की पुरते. एक खूण करायची राहिल्यामुळे त्या मुलाचे प्रात्यक्षिक बुडाले.

एनव्हीडीए एका ‘दिव्यांग संगणकावर’ न टाकता कक्षातील प्रत्येक संगणकावर टाकावे, कारण तो एक संगणक बिघडला की विद्यार्थ्याकडे काहीच उरत नाही. त्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठीही आहे. तिचा उच्चार थोडा यांत्रिक वाटतो, पण सरावलेले विद्यार्थी तो आपल्याला शब्द पकडता येणार नाहीत इतक्या वेगाने ऐकतात. अनेक कक्षांत संगणक बंद करताच सर्व बदल पुसले जातील अशी व्यवस्था असते आणि मग विद्यार्थ्याने लावलेला वेग, आवाज, अक्षरांचा आकार दुसऱ्या दिवशी नाहीसा होतो. त्यावर उपाय म्हणजे त्याच्या सेटिंगसह एनव्हीडीएची पोर्टेबल (संगणकावर न टाकता चालणारी) प्रत पेन ड्राइव्हवर ठेवणे आणि त्याच्या खात्यापुरती यूएसबीवरील बंदी उठवणे. पोर्टेबल प्रत लॉगिनच्या पडद्यावर चालत नाही, म्हणून संगणकावरील प्रतही हवीच.

हेडफोनचे छिद्रही तपासावे. सीपीयूच्या पुढच्या बाजूच्या छिद्राची वायर आत मदरबोर्डला जोडलेलीच नाही, असे जुळवलेल्या संगणकांत सर्रास आढळते. विंडोजमध्ये भिंग, मोठी अक्षरे, गडद रंगसंगती आणि स्टिकी कीज (एकत्र दाबायच्या कळा एकामागून एक दाबण्याची सोय) आधीपासूनच असतात. विंडोज कळ व यू एकत्र दाबल्यावर त्यांचे पान उघडते. मात्र सुरक्षेच्या नावाखाली सेटिंगची पाने कुलूपबंद केलेली असतात आणि शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर येणारी स्टिकी कीजची चौकट ‘कटकट’ म्हणून बंद केलेली असते. एका हाताने टंकलेखन करणाऱ्या विद्यार्थ्याला कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबण्यासाठी तीच चौकट लागते, म्हणून ती चालू ठेवावी.

मराठीतील टिपणांबाबत आपल्याला स्वतःलाच जबाबदार धरावे लागेल. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल डोळ्यांना मराठी दिसते, पण आत मात्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि विद्यार्थ्याला निरर्थक अक्षरांची रांग ऐकू येते. अशी सर्व टिपणे युनिकोडमध्ये, म्हणजे खरी मराठी अक्षरे साठवणाऱ्या पद्धतीत, रूपांतरित करून, जोडाक्षरे एकदा नजरेखालून घालून मगच द्यावीत. फोटोकॉपी स्कॅन करून बनवलेल्या पीडीएफमध्ये तर स्क्रीन रीडरला फक्त चित्र सापडते. ती टेसेरॅक्टसारख्या अक्षर-ओळख सॉफ्टवेअरमधून काढावी. ते मराठी ओळखते, पण चुका करते, त्यामुळे तपासणी टाळता येत नाही.

अभ्यासक्रमासाठी वापरली जाणारी साधनेही पाहावी लागतात. डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टर्बो सी हे सी भाषेचे जुने साधन चालवून शिकवणारे कक्ष अजून आहेत. त्या खिडकीतील मजकूर स्क्रीन रीडरपर्यंत चित्र म्हणूनच पोहोचतो, त्यामुळे अंध विद्यार्थ्याला आपण काय टाइप केले हेही ऐकू येत नाही. व्हीएस कोड हा संपादक आणि जीसीसी हा कंपायलर वापरल्यास हा अडथळा दूर होतो आणि इतर विद्यार्थ्यांनाही आजचे साधन मिळते. पायथन शिकवताना एनव्हीडीएमधील ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा सांगण्याची सोय चालू करावी, अन्यथा त्या भाषेतील प्रोग्रॅमची रचनाच कळत नाही.

कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी खर्च जवळजवळ नाही. प्रोजेक्टरसाठी सर्व दिवे मालवू नयेत, फळ्याकडे तोंड करून बोलू नये आणि प्रात्यक्षिकाच्या पायऱ्या आधी लिहून द्याव्यात. पडदा आणि शिक्षकाचा चेहरा एकाच वेळी पाहता येत नाही, म्हणून क्लिक करून दाखवल्यावर क्षणभर थांबून मग बोलावे.

परीक्षेत लेखनिक घेणाऱ्या विद्यार्थ्याला केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो. तो वेळ ऑनलाइन परीक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या खात्यावर आधीच नोंदवावा लागतो, नाहीतर पर्यवेक्षकाने कितीही परवानगी दिली तरी ठरल्या वेळी पडदा बंद होतो. लॉगिनसाठी चित्रातील अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा असल्यास तोही त्याआधी काढून घ्यावा.

हे सर्व झाल्यावर ज्या विद्यार्थ्यांसाठी ते केले, त्यांनाच बोलावून दारातून आत येणे, जागा शोधणे, लॉगिन, फाइल उघडणे, जमा करणे आणि प्रिंट काढणे एवढे काम करायला सांगावे. आपण बाजूला बसून ते कुठे थांबले आणि कुठे हाक मारावी लागली, तेवढेच लिहून घ्यावे. मदतीला धावू नये. नव्या सत्राआधी सर्व संगणक फॉरमॅट केले जातात आणि त्यात एनव्हीडीए व सगळी सेटिंग पुसली जातात, म्हणून ही चाचणी फॉरमॅटनंतर, पहिल्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी घ्यावी.