सेफ्टी केस हातात आला की आधी काय बघायचं

सेफ्टी केस म्हणजे विमान सुरक्षित आहे हे पुराव्यानिशी मांडणारी फाईल. पहिलं म्हणजे तिचं शेवटचं पान वाचून सही ठोकू नका. आधी हझार्ड लॉग (धोक्यांची नोंदवही) उघडा आणि किती नोंदी 'ओपन', म्हणजे अजून न मिटलेल्या, आहेत ते मोजा. ब्रिटनच्या निमरॉड या लष्करी टेहळणी विमानाच्या सेफ्टी केसमध्ये 40% धोके ओपन आणि 30% वर्गीकरणच न केलेले होते, तरी गाडी पुढे गेली, कारण सगळ्यांनी धरूनच चाललेलं की एवढी वर्षं उडतंय म्हणजे सेफच असणार 🙄 2 सप्टेंबर 2006 ला एक्सव्ही230 हे निमरॉड अफगाणिस्तानात कंदाहारजवळ हवेत इंधन भरून झाल्यावर पेटलं, 14 जण गेले.

मग कागद बाजूला ठेवा आणि स्वतः विमानात वाका, टॉर्च मारून बघा, इंधनाचा पाईप गरम हवेच्या डक्टच्या (नळाच्या) किती जवळून जातो ते, कारण गळलेलं इंधन त्यावर पडलं तर पेटू शकतं. निमरॉडमध्ये गरम हवेचा डक्ट मूळ डिझाईनचा, नंतर त्यात भर पडली, 1982 च्या फॉकलंड युद्धात हवेत इंधन भरायची सोय घाईत बसवली. म्हणून प्रत्येक मॉडिफिकेशन सुटं नाही, आधीच्या सगळ्यांसोबत तपासायचं.

गळती सापडली की दुरुस्त करून मोकळं होऊ नका, आधीच्या गळत्यांशी जुळवून बघा. आणि ज्युनिअर टेक्निशियन काही बोलला तर लिहून घ्या बाबांनो, नावासकट.