इंजिन ऑइलमधील लोहकण चुंबकाने पकडताना या चुका टाळा

इंजिन चालू असताना पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासत असतात, टायमिंग चेन चक्राच्या दात्यांवरून धावत असते, कॅमशाफ्ट अखंड फिरत असतो आणि या प्रत्येक ठिकाणाहून लोखंडाचा अतिशय बारीक कीस ऑइलमध्ये उतरत राहतो. फिल्टर त्यातले मोठे कण अडवतो. परंतु साधारण २० ते ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असलेले बरेचसे कण कागदातून निसटून पुन्हा बेअरिंगपर्यंत जातात, आणि तिथला ऑइलचा थर काही मायक्रॉनच जाड असल्यामुळे नेमके हेच कण झीज वाढवतात. म्हणून चुंबक बसवण्याची कल्पना योग्यच आहे. तो निवडताना, बसवताना आणि विशेषतः त्यावर जमलेला कीस पाहताना मात्र त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होतात.

मिळेल तो चुंबक लावणे

जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेला चुंबक हातात विलक्षण जोरदार वाटतो, पण साध्या प्रतीचा निओडिमियम चुंबक सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपली शक्ती कायमची गमावू लागतो. इंजिन ऑइल मात्र रोजच्या वापरातही ९० ते ११० अंशांपर्यंत तापते आणि चढावर किंवा जास्त भार असताना त्याच्याही वर जाते. त्यामुळे १५० अंशांपर्यंत टिकणारा ‘एसएच’ किंवा १८० अंशांपर्यंत टिकणारा ‘यूएच’ प्रतीचा निओडिमियम चुंबक घ्यावा. समेरियम-कोबाल्टचा चुंबक तर याहून कितीतरी अधिक उष्णता सहन करतो. प्रत माहीत नसेल, तर नवा असतानाच तो एका टोकाशी किती लोखंडी वॉशरांची माळ उचलून धरतो ते मोजून लिहून ठेवावे आणि पुढच्या वेळी ऑइल बदलताना, चुंबक पूर्ण थंड झाल्यावर, तीच चाचणी पुन्हा करावी. ‘चुंबकावर काहीच सापडले नाही’ या समाधानामागे अनेकदा निकामी झालेला चुंबकच असतो.

बोल्ट बदलताना होणारी घाई

चुंबक बसवण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे सम्पचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या आणि बरेच मेकॅनिक ज्याला नुसते चेंबर म्हणतात त्या भांड्याचा, खालचा ड्रेन बोल्ट, जो काढून जुने ऑइल सोडतात. तिथे ऑइलचा वेग कमी असतो आणि जड कण आपोआप खाली बसतात. परंतु आट्यांचे माप ‘जवळपास तेच’ असून चालत नाही. १४ मिलिमीटर व्यासाचे दोन बोल्ट दिसायला सारखे असूनही त्यांच्या आट्यांतील अंतर वेगळे असू शकते, आणि चुकीचा बोल्ट पान्याने रेटून बसवला की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. पहिले काही फेरे नेहमी हातानेच फिरवावेत. त्यानंतर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच टॉर्क पाना वापरून बोल्ट आवळावा. वॉशर दर वेळी नवा टाकावा. बोल्टपाशी ऑइल ठिबकू लागले की बहुतेक जण बोल्ट आणखी आवळतात, पण दोष बहुधा दबून गेलेल्या जुन्या वॉशरचा असतो.

बोल्टच्या टोकाशी चुंबक कसा धरून ठेवला आहे, हेही पाहून घ्यावे. नुसत्या डिंकावर चिकटवलेला चुंबक तापून-थंड होऊन सुटू शकतो; निओडिमियम ठिसूळ असल्यामुळे त्याचे टवकेही उडतात. खोबणीत दाबून बसवलेला, कडेने धातूने धरलेला चुंबकच घ्यावा. त्याचे टोक इतके लांब नसावे की ते आत ऑइल शोषणाऱ्या नळीच्या जाळीला अडेल. सुटा चुंबक चेंबरमध्ये टाकून देण्याचा सल्ला कुणीही दिला तरी तो मानू नये.

फिल्टरच्या डब्यावर बाहेरून चुंबक

ही पद्धत सोपी असली तरी तिची मर्यादा समजून घ्यावी. फिल्टरचा डबा लोखंडी पत्र्याचा असतो आणि तो पत्रा चुंबकाचे बरेचसे क्षेत्र स्वतःतच वळवून घेतो. त्यामुळे शोभेचे पातळ चुंबक बाहेर घट्ट चिकटतात, पण आतल्या ऑइलपर्यंत त्यांचा प्रभाव जवळजवळ पोहोचतच नाही. जाड, जोरदार चुंबक काही प्रमाणात काम करतो. तो सायलेन्सरच्या तापलेल्या नळीजवळ किंवा क्रँकशाफ्टच्या सेन्सरजवळ मात्र नसावा, कारण असे सेन्सर चुंबकीय क्षेत्रावरच चालतात. ज्यांच्या शरीरात पेसमेकर आहे, त्यांनी असे जोरदार चुंबक हाताळूच नयेत.

स्वच्छ चुंबकावर विश्वास ठेवणे

माझ्या मते ही सर्वांत धोकादायक चूक आहे. चुंबक फक्त लोखंड आणि पोलाद पकडतो. पिस्टनचे ॲल्युमिनियम, बेअरिंगच्या थरांतले तांबे, कथील व शिसे, हवेतून आत आलेली धूळ आणि जळणातून तयार झालेली काजळी त्याच्या बाजूने सरळ निघून जाते. म्हणजे बेअरिंग झिजत असतानाही चुंबक अगदी स्वच्छ निघू शकतो. म्हणून काढलेले ऑइल पांढऱ्या तसराळ्यात घेऊन उन्हात तिरपे करून पाहावे आणि तसराळ्याच्या खालून चुंबक फिरवावा. जे कण त्याच्यामागे सरकतात ते लोखंडाचे. जे चमकतात पण जागचे हलत नाहीत, त्यांची काळजी अधिक करावी, आणि त्यांत तांबूस झाक असेल तर बेअरिंगची तपासणी पुढे ढकलू नये.

याच गैरसमजातून दुसरा निघतो, तो म्हणजे चुंबक आहे म्हणून ऑइल जास्त किलोमीटर चालवणे. ऑइल खराब होते ते त्यातली रसायने संपल्यामुळे, ऑक्सिडेशनमुळे आणि इंधन मिसळल्यामुळे. यातले काहीही चुंबकाने थांबत नाही.

कीस पाहून घाबरणे, किंवा न पाहताच पुसून टाकणे

बोटांत चोळल्यावर लोण्यासारखी मऊ लागणारी राखाडी पेस्ट ही नेहमीची झीज आहे, आणि नव्या इंजिनाच्या पहिल्या ऑइल बदलात ती जास्तच निघते. नजरेला सहज दिसणारे पापुद्रे, सुईसारखे तुकडे किंवा टवके मात्र वेगळे. माझ्या गाडीच्या बोल्टवर एकदा त्या मऊ पेस्टमध्ये तांदळाच्या कणीएवढा, एका कडेला लखलखीत आणि दुसरीकडे काळपट असा तुकडा हाताला लागला. इंजिनाचा आवाज तोपर्यंत बदललेलाही नव्हता. उघडल्यावर तो टायमिंग चेनच्या चक्राच्या दात्याचा टवका निघाला.

असे काही दिसले की फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्याही उलगडून पाहाव्यात, पण तो हॅकसॉने कापू नये, कारण करवतीचाच कीस आत पडतो आणि मग इंजिनाचा कीस कोणता हे सांगता येत नाही. यासाठी चाकाचा फिल्टर कटर मिळतो. पेस्ट पांढऱ्या कागदावर पुसून त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वेळी तेवढ्याच अंतरानंतर प्रमाण वाढले का, हे डोळ्यांनी ताडता येते. प्रमाण दुपटीने वाढलेले दिसले, तर ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. आणि ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला, तर कशाचीही वाट न पाहता इंजिन तिथेच बंद करावे.