चित्रात धुकं आहे, पण खोली नाही? या चुका टाळा

पावसाळी सह्याद्री जलरंगात काढायला बसलं की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. पुढचं झाड झकास जमतं, मागचे डोंगर मात्र कागदाला चिकटून बसतात. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘मागचं निळं कर.’ निळं केलं तरी खोली येत नाही, कारण सल्ला अर्धाच आहे.

दूरचा डोंगर निळा दिसतो तो स्वच्छ, कोरड्या हवेत. हवेचे रेणू अतिशय बारीक असतात आणि ते निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरतात. आपल्या आणि डोंगराच्या मध्ये हा निळा साठत जातो. धुक्याचे थेंब त्या रेणूंपेक्षा हजारो पटींनी मोठे असल्यामुळे ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. म्हणून धुक्यातला डोंगर निळ्याकडे जात नाही, क्षितिजाजवळच्या आभाळाच्या रंगाकडे जातो. जुलैत तो रंग करडा असतो, थंडीतल्या कोवळ्या उन्हात पिवळसर गुलाबी, आणि एप्रिलमध्ये हवेत धूळ असली की मातकट. तिन्ही वेळा तोच कोबाल्ट ब्लू वापरायचा, ही माझ्या मते सगळ्यात सर्रास चूक.

त्यापेक्षा आधी आभाळाचाच रंग पॅलेटमध्ये भरपूर कालवून ठेवा. पावसाळ्यासाठी अल्ट्रामरिन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा करडा पुरतो. सगळ्यात मागची रांग त्याच मिश्रणात, जेमतेम एक छटा गडद करून काढा. पुढच्या रांगांना येताना त्यातच हिरवा आणि तपकिरी वाढवत न्या. प्रत्येक रांगेसाठी ट्यूबमधून नवा रंग घेतला की डोंगर एकाच हवेत उभे आहेत असं वाटत नाही.

दुसरी चूक जिन्याची: पाच रांगा आणि प्रत्येक रांग तिच्या पुढचीपेक्षा मोजून तेवढीच फिकी. प्रत्यक्षात फरक असा समान पडत नाही. जवळच्या दोन रांगांत तो मोठा असतो, लांबच्या दोन रांगांत जवळपास नसतोच. शिवाय हवामानशास्त्रात दृश्यमानता १ किलोमीटरच्या खाली गेली तरच त्याला धुकं म्हणतात. तेवढ्या दाट धुक्यात दरीपलीकडचा डोंगरच दिसत नाही, पाच रांगा कुठून दिसणार? दाट धुकं हवं असेल तर दोन पातळ्या पुरे. पाच हव्या असतील तर धुकं विरळ करा.

धुकं कुठे बसतं हेही बघायला हवं. थंडीत वाईजवळ कृष्णेकाठी पहाटे गार, जड हवा खोलगट भागात साचते. धुक्याचा वरचा काठ जवळपास सपाट असतो, पायथा गायब आणि माथा स्वच्छ. पावसाळ्यात समुद्राकडून आलेले ढग घाटमाथ्याला भिडतात, तेव्हा बहुधा उलटं होतं: पायथ्याची भातखाचरं दिसतात आणि कडा वर कुठे संपतो ते कळत नाही. हिरवागार पावसाळी डोंगर आणि त्याच्या पायाशी थंडीतलं सपाट धुकं, अशी चित्रं खूप दिसतात. ती गोड असतात, खरी वाटत नाहीत. डोंगराच्या कमरेला धुकं गुंडाळलं की तो अधिक उंच भासतो, हे चीनमधल्या चित्रकार ग्वो शीने अकराव्या शतकातच सांगून ठेवलंय. पण प्रत्येक डोंगराला तोच पट्टा बांधला तर त्याचा नुसता साचा होतो.

आता पांढऱ्या रंगाचं. डोंगर गडद झाला म्हणून वरून पातळ चायनीज व्हाइट फिरवला की तो भाग निळसर आणि खडूसारखा दिसू लागतो, शेजारच्या पारदर्शक वॉशशी, म्हणजे पाणी घालून पसरलेल्या पातळ थराशी, जुळत नाही. तैलरंगात हीच युक्ती मुद्दाम वापरतात, तिथे ती शोभते. जलरंगात धुकं म्हणजे शिल्लक ठेवलेला कागद. गडद झालंच तर पूर्ण वाळू द्या, स्वच्छ ओल्या ब्रशने हलकं चोळा आणि टिश्यूने टिपा. अल्ट्रामरिन बराचसा उचलला जातो. थॅलो ब्लू किंवा थॅलो ग्रीन असेल तर नाद सोडा, ते कागद रंगवून बसतात.

बाकी सगळं जमलं तरी ओल चुकली की धुकं बिघडतं. कागद पाण्याने चकाकत असेल तर रंग वाटेल तिकडे पळतो. चकाकी नुकतीच गेली, पण हाताची मागची बाजू टेकवल्यावर गार लागतो, ती खरी वेळ. तेव्हा ब्रशमध्ये रंग घट्ट आणि पाणी कागदापेक्षा कमी हवं. जास्त झालं की फुलकोबीसारखे डाग उठतात. उठले तर लगेच खरवडू नका, वाळेपर्यंत हात लावू नका. किंवा रांगेचा माथा कोरड्या कागदावर काढून खालची बाजू ओली असतानाच स्वच्छ, दमट ब्रशने उतरवत नेली की पायथा आपसूक विरतो. पावसाळ्यात जागेवर काम करताना वॉश वाळता वाळत नाही. घाई करून चकाकत्या वॉशवर हेअर ड्रायर मारला की रंग ढकलला जातो. पातळ कार्ट्रिज कागद तर फुगतो आणि खळग्यांत पाणी साचतं. ३०० जीएसएमचा कॉटन कागद महाग पडतो, पण धुक्यासाठी तरी तोच घ्या.

जलरंग वाळल्यावर फिका पडतो हे धरून पुढचा भाग हिंमत करून गडद ठेवा. तिथे खरा गडद नसेल तर मागचं कितीही विरघळवलं तरी उपयोग नाही. मागच्या रांगेवर झाडं, घळी, कातळाच्या रेघा काढायच्या नाहीत, हे बहुतेकांना माहीत असतं. हात आवरत नाही एवढंच.

फोटोवरून काढत असाल तर मोबाइल फसवतो. बरेच फोन आपोआप कॉन्ट्रास्ट वाढवतात, त्यामुळे डोळ्यांना पुसट दिसलेला डोंगर स्क्रीनवर ठळक येतो. जागेवर असतानाच डोळे बारीक करून आभाळ, मागचा डोंगर आणि पुढचं झाड यांचे तीन टोन पेन्सिलीने वहीत टिपून ठेवा. घरी रंगवताना फोटो आकारांसाठी बघा, गडद-फिकं मात्र वहीतून घ्या.