रायफलचा गालपट्टा सैल झालाय? स्क्रू आवळण्याआधी हे बघा

एअर रायफल रिकामी असल्याची खात्री करून गालपट्टा, म्हणजे दस्त्यावरचा गाल टेकवायचा वर-खाली होणारा भाग, पूर्ण बाहेर काढा. दोष बहुधा स्क्रूत नसतो, पट्टा ज्यांवर उभा असतो त्या दांड्यांवर चढलेल्या तेलात असतो. बॅरल पुसलेला तेलकट फडका तिथेही फिरतो, मग कितीही आवळा, पट्टा खाली घसरतोच. दांड्या आणि त्यांची भोकं आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून कोरडी करा.

आता स्क्रूचं टोक तपासा. ते दांडीत रुतून खड्डा पडला असेल, तर स्क्रू दर वेळी त्याच खड्ड्यात जातो आणि उंची हवी तिथे थांबत नाही. टोकाखाली पितळेचा छोटा तुकडा ठेवा. नाशिकमध्ये असाल तर सातपूर-अंबडकडच्या लेथवाल्याकडे कातरणात सहज मिळेल. ॲलन की नेमक्या मापाची घ्या, नाहीतर स्क्रूचं डोकं गोल होतं. लॉकटाइट (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावायचंच तर कमी ताकदीचं २२२, आट्यांवर एकच थेंब, २४ तास न हलवता. प्लॅस्टिकला लागू देऊ नका, तडे जातात.

उंची पक्की झाली की दांडीवर पेन्सिलीने खूण करा. लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगतो, तेव्हा जून ते सप्टेंबर स्क्रू अधूनमधून तपासा.