चेनसॉची चेन आणि बार: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

चेन बोथट झाली हे आधी भुशावरून कळतं. धारदार चेन ढलप्या काढते. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबावं. यंत्र दाबावं लागणं, तेल येत असूनही कापातून धूर निघणं, याही त्याच खुणा. तसंच रेटत राहिलं तर क्लच आणि बार (जिच्या कडेवरून चेन फिरते ती लांब पट्टी) दोन्ही तापून झिजतात.

चेनला हात लावण्याआधी इंजिन बंद, स्पार्क प्लगची टोपी काढलेली, हातात मोजे. बॅटरीचं यंत्र असेल तर बॅटरी बाहेर. धार लावताना चेन ब्रेक लावलेला असावा, चेन पुढे सरकवायची तेवढाच सोडावा.

कानशीची जाडी चेनच्या पिचवर ठरते. लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून निम्मं केलं की पिच मिळतो. ०.३२५ इंच पिचला साधारण ४.८ मिमीची गोल कानस लागते, ३/८ लो प्रोफाइलला (कमी उंचीच्या चेनला) ४ मिमीची, मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५ मिमीची. चेनच्या पाकिटावर वेगळं माप असेल तर तेच धरावं.

कानस दाताच्या आतून बाहेर ढकलायची आणि परत आणताना उचलायची. मागे घासली तर कानशीचेच दात मरतात. बहुतेक चेनना वरचा कोन ३० अंशांचा असतो. कानशीच्या व्यासाचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या वर राहू द्यावा. ती फार खाली गेली तर धार पातळ, हुकासारखी होते आणि लवकर ढासळते. फार वर राहिली तर दात लाकडात शिरतच नाही. नजर ठेवायची ती वरचं आणि बाजूचं पातं मिळतात त्या कोपऱ्यावर. लाकूड आधी तोच कापतो. तिथे उजेडात पांढरी रेघ चमकली तर धार अजून आलेली नाही. दगड किंवा माती लागलेला दात खराब भाग पूर्ण जाईपर्यंत घासावा लागतो, आणि मग बाकीचे सगळे दात त्याच लांबीवर आणावे लागतात. हे कंटाळवाणं काम टाळू नये.

तीन-चार वेळा धार लावल्यावर दातासमोरचा डेप्थ गेज, म्हणजे दात लाकडात किती खोल शिरेल ते ठरवणारा उंचवटा, तपासावा. तो दातापेक्षा बहुधा ०.६५ मिमी खाली हवा. गेजपट्टी ठेवून वर येणारा भाग चपट्या कानशीने घासावा आणि पुढची कड पुन्हा गोल करावी. अंदाजाने जास्त घासला तर चेन लाकूड हिसकते आणि किकबॅकचा, म्हणजे यंत्र झटक्याने अंगावर उसळण्याचा, धोका वाढतो.

बारकडे मात्र फार कमी लोक बघतात. धार नीट असूनही काप एका बाजूला वळतोय? आधी डाव्या-उजव्या दातांची लांबी जुळवा. तरीही वळला तर दोष बहुधा बारच्या कडांचा. बार काढून खोबणीतला चिकट भुसा पातळ पट्टीने खरवडा, तेलाचं भोक मोकळं करा, कडांवर बाहेर आलेली धातूची किनार चपट्या कानशीने काढा. दोन्ही कडा सारख्या उंचीच्या आणि काटकोनात हव्यात. चेन बसवून दात बाजूला ढकलून पाहा. ती बरीच कलत असेल तर खोबण रुंद झाली आहे. कडा निळ्या पडल्या असतील तर तेल कमी पोचलं किंवा ताण जास्त होता. दर वेळी धार लावल्यावर बार उलटा बसवला की दोन्ही कडा सारख्या झिजतात.

ताण देताना बारचे नट सैल करून टोक वर उचलून धरा. चेन बारच्या खालच्या बाजूला टेकलेली असावी, पण हाताने सहज फिरावी. गरम चेन ताणली असेल तर काम संपताच सैल करा; थंड होताना ती आकसते आणि क्रँकशाफ्ट, बेअरिंगवर ताण येतो.

तेलासाठी फिकट पृष्ठभागावर टोक रोखून यंत्र चालवा, तेलाची रेघ उमटली पाहिजे. इंजिनातलं वापरलेलं तेल भरू नका, त्यात धातूचे कण असतात. स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) अर्ध्या मिलिमीटरहून खोल खाचा पडल्या असतील तर नवी चेन चढवण्याआधी तोही बदला.