गल्फची ऑफर आलीय? आधी बेसिक बघा

आमच्या खेड-दापोलीकडे आयटीआय झालेला पोरगा एकदा तरी गल्फचा विचार करतोच. मी दुबईत सहा वर्षं एसी टेक्निशियन होतो, आता परत आलोय, आणि गावातली पोरं ऑफर लेटरचा फोटो पाठवून विचारतात, दादा जाऊ का? तर मी काय काय बघतो ते सांगतो.

सगळे एकूण आकडा बघतात. 2500 दिरहम, 24 चा रेट धरला तर 60 हजार रुपये, इथे 18 हजार मिळतायत, मग विचार कसला करायचा! पण त्या 2500 मधे बेसिक म्हणजे मूळ पगार किती आणि अलाउन्स म्हणजे भत्ते किती ते बघा आधी. यूएईत, म्हणजे दुबई ज्या देशात आहे तिथे, ओव्हरटाइम बेसिकवर धरतात, आणि नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पण बेसिकवरच, पहिली पाच वर्षं दर वर्षामागे 21 दिवसांचा बेसिक. बेसिक 1000 असेल तर वर्षाचे 700 दिरहम, 1800 असेल तर 1260, म्हणजे पाच वर्षांत 2800 दिरहमचा फरक, 67 हजार रुपये झाले ते, आणि महिन्याचा पगार दोघांचा सेमच.

मग रूम. कंपनीची रूम आणि साइटवर न्यायला गाडी असेल तर जेवणाला 500, फोनला 100 गेले तरी 1900 राहतात, 45 हजार घरी जातात. पण रूम तुमची तुम्ही बघायची असेल तर बेडस्पेसचे, म्हणजे शेअरिंगच्या खोलीत एका पलंगाचे, 700 आणि बस-मेट्रोचे 300 अजून धरा, उरले 900. साडेएकवीस हजार. एवढ्यासाठी आईवडलांना सोडून जायचं का हे मग घरी बसून बोला, कारण पहिली सुट्टी सहसा वर्षानंतरच मिळते आणि मधे घरी कोणी आजारी पडलं तर लगेच निघता येईलच असं नाही.

एजंटचं नाव ई-मायग्रेट या परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी पोर्टलवर आहे का बघा, सरकारी नियमाने तो 30 हजार आणि वर जीएसटी एवढेच घेऊ शकतो, पैसे बँकेतून द्या आणि पावती घ्या. लाख-दीड लाख मागतोय तर उठून या, सोनं गहाण ठेवून तर अजिबात नको. आणि व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून देतो, असं कोणी म्हणालं तर हात जोडून सांगतो, जाऊ नका. माझा मावसभाऊ असाच गेला, तीन महिने काम केलं, एक पैसा मिळाला नाही आणि तक्रार करायची सोय नाही, कारण त्या व्हिसावर काम करणंच बेकायदेशीर.

दहावी झाली नसेल तर पासपोर्ट सहसा ईसीआर असतो, त्याला क्लिअरन्स म्हणजे परदेशी नोकरीला जायची सरकारी परवानगी लागते आणि 10 लाखांचा प्रवासी भारतीय बीमा काढावा लागतो, दोन वर्षांचे 275 रुपये फक्त.

अजून एक, तारीख जमत असेल तर 28 सप्टेंबरपर्यंत निघा. एप्रिल ते मार्चच्या वर्षात भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहिलात तर त्याच वर्षापासून एनआरआय धरतात आणि तिकडच्या पगारावर इथे टॅक्स लागत नाही, यूएईत तर पगारावर इन्कम टॅक्स नाहीच.

ऑफर लेटरमधे रूम, गाडी आणि तिकीट कोणाच्या खर्चाने ते लिहिलेलं नसेल तर पासपोर्ट देण्याआधी मेलवर मागवून घ्या, फोनवर हो म्हणालेलं धरू नका.