पावसाळाभर बंद राहणारी कार्बोरेटरची स्कूटर

कोकणातल्या पावसात चार महिने उभी राहिलेली स्कूटर बहुतेक वेळा पेट्रोलमुळे अडते. कार्बोरेटर म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. त्याच्या बाऊलमधलं (छोट्या वाटीतलं) पेट्रोल उडून जातं, मागे उरलेला चिकट थर पायलट जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक छिद्र, बुजवतो. त्यात भर म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल ओलावा ओढून घेतं.

म्हणून इंजिन गरम करून ऑइल बदललं, मग ड्रेन स्क्रू सैल करून बाऊल पूर्ण रिकामा केला. पत्र्याची टाकी मात्र जवळजवळ भरून ठेवली. रिकाम्या जागेत गंज धरतो. इग्निशन बंद ठेवून स्पार्क प्लग काढला, सिलिंडरमध्ये 5 मिली ऑइल सोडून किक हळू फिरवली. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सुटी केली. महिन्यातून एकदा चार्जिंग, व्होल्टेज 12.4च्या खाली नको. सायलेन्सरच्या तोंडात लाल चिंधी, म्हणजे सुरू करताना ती काढायला विसरणार नाही. वरून सुती चादर. प्लास्टिक तर अजिबात नको, आत घाम धरतो.